शिखर परिषदा : ग्रुप फोटो सोडून आपल्या पदरात काय पडतं?

तापीकाठचा

राम राम मंडळी.

गेल्या आठवड्यात कापूस घेऊन खरेदी केंद्रावर गेलो होतो. माझ्यापुढे बावीस ट्रॅक्टर. ओलावा मोजायचं यंत्र एकच, आणि ते लावणारा माणूस चहाला गेलेला. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर लांब धाग्याला २०२५-२६ च्या हंगामाचा ८,११० चा हमीभाव, पुढच्या प्रत्येक टक्क्याला कपात, बाराच्या वर गेला की माल परत. सकाळची थंडी, ताडपत्रीवर दव. सगळ्यांचा जीव त्या एका आकड्यात अडकलेला.

वेळ जावा म्हणून मोबाइल काढला. जोहान्सबर्गच्या जी-२० चा फोटो आला, सगळे नेते तीन रांगांत उभे. शेजारच्या ट्रॅक्टरवरचे बाबा डोकावून म्हणाले, "हे बी रांगेतच उभे का रे? यांचा माल कव्हा उतरणार?"

हसलो, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. २०२५ या एका वर्षातलंच बघा. जूनमध्ये कॅनडात जी-७. १५ ऑगस्टला अलास्कात ट्रम्प-पुतिन भेटले, काही न ठरता आपापल्या विमानात बसले. ऑगस्ट सरता सरता चीनच्या त्यान्जिनला शांघाय सहकार्य संघटनेची बैठक. नोव्हेंबरात ब्राझीलच्या बेलेमला हवामानाची, लगेच जोहान्सबर्ग. आता डिसेंबरात पुतिन दिल्लीत येऊन गेले. एवढ्या भेटीगाठी होऊनही अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावायचं ते लावलंच. आणि आपल्याकडे १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठलं, ते ३१ डिसेंबरपर्यंत उठलेलंच. म्हणजे नेमका आमचा कापूस घरात येतो ते दिवस.

तर हे मोठे लोक भेटून करतात काय? सगळं ठरवतात अधिकारीच, तर एवढ्या विमानांचा आणि बंदोबस्ताचा खटाटोप कशाला? आणि ठरतच नसेल काही, तर मग कशालाच कशाला?

अवांतर: माझं सख्ख्या भावाशी बांधावरून तीन वर्षं बोलणं नाही. त्यामुळे "भेटून काय होतं" हा प्रश्न विचारायचा अधिकार मला कितपत आहे, ते तुम्हीच ठरवा.

---

सरळसोट_धुळे

अधिकार पुरेपूर आहे, कर भरता ना?

२०१० साली कॅनडात टोरोंटोला जी-२० आणि त्याच प्रांतात जी-८ भरली होती. दोन्ही मिळून तीन दिवसांचा कारभार, खर्च अब्ज डॉलरच्या घरात, त्यातला बहुतेक बंदोबस्तावर. पत्रकारांच्या दालनात चक्क एक खोटा तलाव बांधला होता, कॅनडा किती निसर्गरम्य आहे हे दाखवायला. खरे तलाव त्या देशात लाखोंनी आहेत! बाहेर हजारावर लोकांची धरपकड.

बरं, नुसता पैसा वाया गेला असता तरी चाललं असतं. म्युनिक १९३८ आठवा. चार नेते रात्रीत भेटले आणि चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला देऊन मोकळे झाले. ज्यांची जमीन त्यांना खोलीत घेतलंच नाही, चेक प्रतिनिधी हॉटेलात निकालाची वाट बघत बसले. चेंबरलेन लंडनला उतरून कागद फडकावत होता. सहा महिन्यांत हिटलर प्राग शहरात. आपल्या गावात दोन दांडग्यांनी ओट्यावर बसून तिसऱ्याच्या शेताची मोजणी करावी, तसला प्रकार.

---

भुसावळ_जंक्शन

धागाकर्ते, तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलंय. नेते भेटतात आणि मग तिथे काहीतरी ठरतं. खरं उलटं असतं.

आपल्याकडे सुपारी फुटते त्या दिवशी काय ठरतं? काहीच नाही. देणं-घेणं, मानपान, कुणाच्या दारी मांडव, सगळं मधल्या माणसाने चार महिने चपला झिजवून आधीच ठरवलेलं असतं. सुपारीच्या दिवशी मामा-काका फेटे बांधून बसतात आणि जे ठरलंय ते चारचौघांत मोठ्याने म्हणतात. पण म्हणून सुपारी बिनकामाची का? चारचौघांत म्हटल्यावर मागे फिरणं महागात पडतं, हेच तिचं काम.

या मधल्या माणसाला तिकडे शेर्पा म्हणतात. शिखरावर नेणारा म्हणून शेर्पा. 'शिखर' हा शब्द या अर्थाने रुळवला चर्चिलने, १९५० च्या एडिंबरोच्या भाषणात. दिल्लीच्या २०२३ च्या जी-२० ला आपले शेर्पा अमिताभ कांत होते. त्यांनीच सांगितलं होतं की जाहीरनाम्यातल्या युक्रेनच्या परिच्छेदांसाठी २०० तासांवर बोलणी झाली, ३०० द्विपक्षीय बैठका, १५ मसुदे. नेते आले ९ सप्टेंबरला, आणि त्याच दुपारी एकमत झाल्याचं जाहीर झालं. लोकांना वाटलं जादू झाली.

आता तुम्ही म्हणाल, मग नेते कशाला? माझी सारी नोकरी भुसावळ यार्डात गेली, तिथलं सांगतो. गाडी सुटायची वेळ नसती तर कुठलंच काम वेळेत झालं नसतं. टीएक्सआरवाला डबे ठोकून बघतोय, पाणी भरणं चाललंय, कुणाचं कशावर अडलंय. पण ९.४० ला सिग्नल पडणार हे एकदा ठरलं की ९.३५ ला सगळ्यांचं एकमत होतं. शिखर परिषदेची तारीख म्हणजे ती ९.४०. वर्षभर फायलीवर बसलेला बाबू "साहेब शनिवारी उतरणार" म्हटल्यावर शुक्रवारी रात्री सही करतो.

---

पोऱ्या_अहिराणीना

जंक्शन काका, भारी सांगं तुम्ही. पन आम्हना गावमा सुपारी फुटनी ना, तव्हय बी दोन मामा रुसी बसनात. एकले फेटा भेटना नही!

---

भुसावळ_जंक्शन

तेही होतं तिकडे. जोहान्सबर्गला अमेरिका आलीच नाही. यजमानांनी जाहीरनामा पहिल्याच दिवशी मंजूर करून टाकला आणि कार्य उरकलं. २०२६ चं यजमानपद त्याच रुसलेल्या मामाकडे.

---

कांदेबाग

मी रावेरकडचा, केळीवाला. जंक्शन काकांचं पटतंय, पण अर्धंच.

आमच्या मालाची गोष्ट सांगतो. निर्यातीला फण्या सुट्या करून, धुऊन, तेरा किलोच्या खोक्यात भरतात आणि रीफर कंटेनर न्हावाशेव्याला जातो. समोरच्या देशाने दार उघडलंय की नाही हे ठरतं किडीच्या यादीवर. कुठली कीड तुमच्याकडे आहे, आमच्याकडे नाही, तुम्ही काय फवारता, खोक्यावर कुठल्या पॅकहाउसचा नंबर. हे पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालतात आणि त्यात कुणाचाच फोटो येत नाही. कॅनडाने भारतीय केळीला परवानगी दिली ती एप्रिल २०२२ मध्ये, कृषी खात्याच्या बोलण्यांतून. कुठल्या शिखरावरून नाही.

पण पुढे काय झालं बघा. सप्टेंबर २०२३ ला ट्रुडो दिल्लीच्या जी-२० ला आले, विमान बिघडून दोन दिवस इथेच अडकले, आणि परत गेल्यावर आठवडाभरात त्यांनी संसदेत आपल्यावर आरोप केला, की खलिस्तानवादी निज्जरच्या हत्येमागे भारताचा हात आहे. राजदूत गेले, व्यापाराची बोलणी तर आधीच थांबली होती. दोन वर्षं तसंच. अधिकारी तेच, किडीच्या याद्याही त्याच, पण फाइल कुणी हातात धरेना.

जून २०२५ मध्ये जी-७ ला कॅनडात मोदी आणि नवे पंतप्रधान कार्नी भेटले, उच्चायुक्त परत पाठवायचं ठरलं. नोव्हेंबरात जोहान्सबर्गला पुन्हा भेटले आणि व्यापार कराराची बोलणी सुरू करायचं ठरलं. यात दोघांनी केळीचा 'क' सुद्धा काढला नसेल. पण वरच्यांनी हात मिळवल्याशिवाय खालचा कारकून फाइल उघडायला धजत नाही. म्हणून मी अर्धंच पटतंय म्हटलं. तारखेपेक्षा परवानगीचा इशारा मोठा. मोठ्या भावाने शेजाऱ्याच्या घरचा चहा घेतला की मग पोरं पुन्हा एकत्र क्रिकेट खेळतात.

बाकी आमच्या केळीला बोर्डाचा भाव एक आणि व्यापारी देतो तो दुसरा. त्यासाठी कुठली परिषद भरवायची तेही कुणी सांगा.

---

सरळसोट_धुळे

कांदेबाग भाऊ, भांडणही परिषदेनंतरच पेटलं आणि मिटलंही परिषदेत! म्हणजे हिशोब शून्य.

भेटीने बिघडतं त्याची यादी देतो. जून १९६१, व्हिएन्ना. अमेरिकेचा केनेडी नवखा, सोव्हिएत संघाचा ख्रुश्चेव्ह मुरलेला. दोन दिवसांत ख्रुश्चेव्हने ताडलं की पोरगा कच्चा आहे. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी, पुढच्या वर्षी क्युबात क्षेपणास्त्रं. भेटलेच नसते तर? आणि आपलं घरचं: फेब्रुवारी १९९९ ला वाजपेयी बसने लाहोरला, मे महिन्यात कारगिल. २०१८ ला वुहान, २०१९ ला मामल्लपुरमला शी जिनपिंग नारळपाणी प्यायले, जून २०२० ला गलवान.

---

मास्तरीण

सरळसोट दादा, तुमच्या उदाहरणांत 'नंतर घडलं' आणि 'त्यामुळे घडलं' यांची सरमिसळ होतेय. कारगिलची तयारी बसच्या आधीपासून चालू होती. लाहोरची भेट झालीच नसती तर घुसखोर परत गेले असते का? उलट त्या बसमुळे जगाला दिसलं की हात कुणी पुढे केला होता आणि त्या हाताशी दगाबाजी कुणी केली. त्या उन्हाळ्यात अमेरिकेने पाकिस्तानला मागे फिरायला सांगितलं, त्यात याचाही वाटा होता असं मला वाटतं. व्हिएन्नाचं मात्र मान्य.

मी अमळनेरला इतिहास शिकवायचे. वर्गात सार्क, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची संघटना, यायचं तेव्हा मुलं विचारायची, "मॅडम, हे अजून आहे का?" प्रश्न बरोबर होता. १९८५ च्या डिसेंबरात ढाक्याला सुरू झालं. सनदेतच लिहून ठेवलं की निर्णय एकमतानेच होतील आणि दोन देशांमधले वादाचे विषय इथे काढायचे नाहीत. सासू-सुनेने जेवायला एकत्र बसायचं, पण घरातल्या कुठल्याही भांड्याचा विषय काढायचा नाही. जेवण झालं तरी खूप! शेवटची परिषद नोव्हेंबर २०१४ ला काठमांडूत. २०१६ ला इस्लामाबादची ठरली होती, उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली ती आजतागायत.

आता गंमत अशी की सनदेप्रमाणे भारत-पाक विषय निषिद्ध, आणि सार्कचा खरा उपयोग झाला तो नेमका त्यासाठीच. २००१ च्या जुलैत आग्र्याला वाजपेयी आणि पाकिस्तानचे मुशर्रफ तीन दिवस बसले, गाजावाजा प्रचंड, निघताना संयुक्त निवेदनसुद्धा नाही. त्यानंतर संसदेवर हल्ला, सीमेवर फौजा. जानेवारी २००२ ला काठमांडूच्या सार्कमध्ये मुशर्रफ भाषण संपवून सरळ वाजपेयींच्या खुर्चीपाशी गेले आणि हात पुढे केला. मिटलं काहीच नाही. पण दोन वर्षांनी, जानेवारी २००४ ला, पुन्हा सार्कच्याच निमित्ताने वाजपेयी इस्लामाबादला गेले आणि ६ तारखेचं ते संयुक्त निवेदन निघालं. "मी तुला भेटायला येतो" असं जाहीर म्हणणं दोघांनाही जड. "सार्कला आलोच आहे, तर भेटू" हे सोपं. लग्नात रुसलेले दोन भाऊ एकाच पंगतीत येतात तसं. पंगत नसेल तर ते भेटायचे कुठे? सार्क बंद पडल्याचा तोटा मला हाच वाटतो. निमित्त गेलं.

आणि खानदेशाला शिखर परिषद नवी नाही बरं का. डिसेंबर १९३६, फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष नेहरू. साने गुरुजी गावोगाव फिरून माणसं जमवत होते. नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्या वस्तू वापरून सगळी सजावट केली. माझे आजोबा यावलहून पायी गेले होते. आम्ही विचारायचो, "काय ठराव झाले?" त्यांना एकही आठवत नसे. खरं तर शेतकऱ्यांच्या कर्जाचा, साऱ्याचा कार्यक्रम तिथेच मांडला गेला होता. आजोबांना आठवायचं ते इतकंच की नेहरू आपल्या धुळीत चालत होते. नंतर १९४२ ला ते घराबाहेर पडले. त्या दोन गोष्टींचा संबंध ते स्वतःच लावायचे, मी लावत नाही.

---

पोऱ्या_अहिराणीना

मॅडम, २०२४ ले अमळनेरले साहित्य संमेलन व्हयनं, तठे बी ठराव व्हयनात. एक तरी आठवस का कोनले? आनि गावमाच विद्रोहीवाल्यांनं येगळं संमेलन. जी-२० न्या भायेर आंदोलन ऱ्हास ना, तसंच!

---

मास्तरीण

ठराव आठवत नाही. पुस्तकांच्या गाळ्यांवरची गर्दी आठवते. पंधरा वर्षांपूर्वीचा माझा एक विद्यार्थी भेटला, तो आता कविता लिहितो. आणि दोन्ही मांडवांत फिरून आलेले बरेच होते, मी धरून.

---

संपादक

दोन प्रतिसाद काढले आहेत. पक्षांची भांडणं इथे नकोत, त्यासाठी वेगळा धागा आहे.

---

खंडी_गाठ

जिनिंगचा धंदा आहे. तापीकाठच्या दादांच्या कापसाबद्दल बोलतो, कारण मूळ दुखणं ते आहे.

कापसाचा जगातला मोठा तंटा म्हणजे अमेरिकेचं अनुदान. तिथल्या शेतकऱ्याला सरकार इतकं द्यायचं की तो भाव पडला तरी पेरायचा, आणि मग भाव आणखी पडायचे. २००३ ला मेक्सिकोत कॅनकूनला जागतिक व्यापार संघटनेची परिषद होती. ही मंत्र्यांची, नेत्यांची नव्हे. पश्चिम आफ्रिकेतले चार गरीब देश, बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड, उभे राहिले आणि म्हणाले, आम्हाला मदत नको, तुमचं अनुदान थांबवा. परिषद मोडली. सगळ्या पेपरांत 'अपयश' असं छापून आलं.

त्याच सुमाराला ब्राझीलने वेगळी वाट धरली, संघटनेच्या तंटा निवारण मंडळाकडे दावा. जिंकले. अमेरिकेने टाळाटाळ केली, शेवटी २०१४ ला ३० कोटी डॉलर देऊन मिटवलं. आणि २०१५ ला नैरोबीच्या परिषदेत निर्यात अनुदान बंद करायचं ठरलं, कापसावरचं विकसित देशांनी लगेच. देशांतर्गत अनुदान मात्र अजून तसंच आहे.

आता बघा, ब्राझीलकडे वकील होते, पैसा होता, त्यांनी कोर्टाची वाट धरली. बेनिन-मालीकडे काय होतं? परिषदेतला एक माइक. मोठ्यांना परिषद लागतच नाही, ते फोनवर दम देऊ शकतात. लहानांना लागते. म्हणून दिल्लीला आफ्रिकन युनियनला, म्हणजे ५५ देशांच्या संघटनेला, जी-२० त कायमची खुर्ची मिळाली, ती मला त्या सबंध जाहीरनाम्यापेक्षा मोठी वाटते. खुर्ची मिळाली म्हणून भाव मिळत नाही, हे आमच्याइतकं कुणाला कळणार! पण खोलीबाहेर बसलेल्या त्या चेक लोकांसारखी गत तरी होत नाही. सरळसोट भाऊंचंच उदाहरण त्यांच्यावर उलटवतोय.

आयात शुल्क उठवण्याबद्दल: गिरण्यांच्या बाजूने बघितलं तर ५० टक्के अमेरिकी शुल्काने त्यांचं कंबरडं मोडलं होतं, स्वस्त रुई मिळाली तर जगतील असा हिशोब. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर त्यान्जिनलाही आपण नव्हतो आणि दिल्लीच्या त्या टेबलावरही नव्हतो. मी मधे आहे, मला दोन्हीकडून शिव्या बसतात.

---

दीपनगरवाला

वीज केंद्रात बत्तीस वर्षं काढली, कोळशाच्या धुरळ्यात. त्यामुळे हवामान परिषदा म्हटलं की मी कान टवकारतो, कारण तिथे आमच्या चिमण्यांचा विषय असतो.

या परिषदांत भांडण होतं ते एकेका शब्दावर. पॅरिस २०१५, शेवटचा दिवस, सगळे सभागृहात, आणि अमेरिकेच्या लक्षात आलं की श्रीमंत देशांच्या उत्सर्जन कपातीच्या कलमात 'केलंच पाहिजे' अशा बंधनाचा शब्द पडलाय, त्यांना हवा होता 'करावं' अशा अर्थाचा. बंधनाचा शब्द राहिला असता तर करार त्यांच्या सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तिथे तो मेला असता. तासदीड तास धावपळ, मग टंकलेखनाची चूक म्हणून शब्द बदलला, आणि हातोडा पडला. ग्लासगो २०२१ ला कोळशावरून तसंच. मसुद्यात कोळसा 'बंद करणे' होतं, अखेरच्या क्षणी आपल्या मंत्र्यांनी 'कमी करत जाणे' करून घेतलं. अध्यक्ष आलोक शर्मांच्या डोळ्यांत पाणी. त्या रात्री दीपनगरच्या कॉलनीत आम्ही सुटकेचा श्वास टाकला हे खोटं कशाला सांगू? पण खिडकीच्या कडेवर रोज राख पुसणारी माझी बायको म्हणाली, "तुमचं आपलं बरंय." तिचंही खरं.

या परिषदांचं यश मोजायचं कसं हा प्रश्न आहे. ओझोनचं बघा. १९८७ ला माँट्रियलला करार झाला, फ्रीजमधला, ओझोनचा थर खाणारा वायू जगभर टप्प्याटप्प्याने बंद झाला, आणि वरचं भोक भरून येतंय. एक शब्द आणि एक तारीख पाळली गेली. तिथे पर्यायी वायू होता आणि बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या. कोळशाचं तसं नाही, सगळ्या जगाची चूल त्याच्यावर. म्हणून बेलेमच्या अखेरच्या मसुद्यात कोळसा-तेलाचं नावच घेतलेलं नाही. तिसाव्या परिषदेतही दुखण्याचं नाव घेता आलं नाही, तिथे मी सरळसोट भाऊंच्या बाजूने आहे.

तरी जाता जाता काही मागे राहतं. पॅरिसलाच भारत-फ्रान्सने सौर आघाडी जाहीर केली, तिचं कार्यालय गुरुग्रामला आहे. आणि आमच्या साक्रीकडे सौर पट्ट्या, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या. त्यातलं किती परिषदेमुळे आणि किती स्वस्ताईमुळे, हा वाद आम्ही निवृत्त लोक रोज संध्याकाळी घालतो.

---

वाढपी

पहिल्यांदाच लिहितोय, चुकभूल द्यावी. मी मूळ नंदुरबारचा. फेब्रुवारी २०२३ ला छत्रपती संभाजीनगरला जी-२० ची महिलांची परिषद होती, डब्ल्यू-२०. मी तेव्हा तिथल्या एका हॉटेलात सर्व्हिसला होतो. आठवडाभर आधीपासून रस्ते रंगवणं, भिंतींवर चित्रं, दुभाजकांत झाडं. आम्हाला तालीम: उजवीकडून काय वाढायचं, डावीकडून काय, कुणाच्या पुढ्यात मांस जाऊ द्यायचं नाही.

एक निरीक्षण सांगतो. हॉलमध्ये भाषणं चालली की अर्धे लोक मोबाइलमध्ये. चहाची वेळ झाली की तेच लोक जागे. कप हातात, दोन-दोन तीन-तीन जण कोपऱ्यात. एक बाई माझ्याकडून पेपर नॅपकिन घेऊन त्याच्यावरच काहीतरी लिहीत होत्या, दुसऱ्या बाई बोट ठेवून मान हलवत होत्या, नाही नाही. मग पेन दुसरीने घेतलं आणि एक ओळ खोडली. पहिलीने नॅपकिन घडी घालून पर्समध्ये ठेवला. काय लिहिलं होतं देव जाणे. चहा पंधरा मिनिटांचा होता, पाऊण तास चालला. मॅनेजर ओरडत होते की कप उचला, आणि आमच्या कॅप्टनने हळूच सांगितलं, "राहू दे रे, काम चालू आहे त्यांचं."

---

भुसावळ_जंक्शन

वाढपी भाऊ, लिहीत जा. या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार बघितलाय ना? जुने व्यापारी उपरण्याखाली हात घालून बोटं धरायचे. वर तोंडाने "नाही परवडत" चालू, खाली बोटं भाव ठरवतायत. चारचौघांत आकडा बोलला की मागे येता येत नाही, म्हणून उपरणं. तुमचा नॅपकिन म्हणजे ते उपरणं.

आता दोन गोष्टी सांगतो, मग माझं संपलं. ऑक्टोबर १९८६, आइसलँडचं रेक्याविक. अमेरिकेचे रेगन आणि सोव्हिएत संघाचे गोर्बाचेव्ह दोन दिवस एका छोट्या पांढऱ्या घरात बसले. अण्वस्त्रं पार नाहीशी करण्यापर्यंत बोलणं गेलं आणि रेगनच्या अवकाशातल्या ढालीवर अडलं. दोघे बाहेर आले ते तोंड पाडून. पण त्या दोन दिवसांत एकमेकांना कळलं की समोरचा कुठपर्यंत यायला तयार आहे. चौदा महिन्यांनी वॉशिंग्टनला करार झाला आणि २,६९२ क्षेपणास्त्रं मोडीत निघाली. अमेरिका २०१९ ला त्यातून बाहेर पडली, ते वेगळं. पण तीसेक वर्षं तो टिकला.

दुसरी कॅम्प डेव्हिड, सप्टेंबर १९७८. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना तेरा दिवस डोंगरातल्या बंगल्यांत ठेवलं. दोघे समोरासमोर आले की भांडायचे, म्हणून कार्टर स्वतःच कागद घेऊन इकडून तिकडे. शेवटच्या दिवशी बेगिन निघायच्या बेतात. त्यांना नातवंडांसाठी सहीचे फोटो हवे होते. कार्टरने प्रत्येक नातवंडाचं नाव वेगळं लिहून सह्या केल्या आणि स्वतः नेऊन दिले. बेगिन एकेक नाव मोठ्याने वाचू लागले आणि आवाज भरून आला. त्याच दिवशी सह्या झाल्या. इजिप्त-इस्रायलमध्ये त्यानंतर युद्ध झालेलं नाही. ही गोष्ट शेर्पाला जमणारी नव्हती.

---

सरळसोट_धुळे

कॅम्प डेव्हिड मान्य. पण तिथे पत्रकार नव्हते, ग्रुप फोटो नव्हता, वीस देश नव्हते. तीन माणसं आणि तेरा दिवस. माझा विरोध मेळ्याला आहे, भेटीला नाही.

---

कांदेबाग

मेळाच नसता तर कार्नी-मोदी भेटले कुठे असते? मास्तरीणबाईंची पंगत पुन्हा वाचा. बाकी सरळसोट भाऊ, थंडी पडलीय, वांगी उतरलीत. भरीत आणि कळण्याची भाकरी, आमच्या मळ्यात. वाद तिथे घालू.

---

तापीकाठचा

मंडळी, आभार. माल उतरला त्या दिवशी. ओलावा नऊ निघाला, एक टक्का कापला.

धागा घरी मोठ्याने वाचून दाखवला. बायकोने सुपारीपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, मधला माणूस धाडा आधी. म्हणून मामांना फोन केला. मामा भावाकडे जाऊन आले. भाऊ बोलायला तयार आहे, बांधाचं मोजणीवर सोडू म्हणतो. पण अडलंय भलतीकडेच. तो म्हणतो माझ्या ओट्यावर या, मी म्हणतो मी थोरला, तू ये. दोन दिवस याच्यावरच गेले.

---

भुसावळ_जंक्शन

अगदी रीतसर चाललंय तुमचं. व्हिएतनाम युद्धाची बोलणी पॅरिसला सुरू झाली तेव्हा टेबल गोल की चौकोनी यावर दोन-अडीच महिने गेले होते. जानेवारी १९६९ ला एक गोल टेबल आणि बाजूला दोन चौकोनी, असं ठरलं.

---

तापीकाठचा

मामांनी तोडगा काढला. रविवारी त्यांच्याच गावी, मारुतीच्या पारावर. म्हणतात, सतरंजी टाकतो, म्हणजे टेबलाची भानगडच नको.

---

पोऱ्या_अहिराणीना

दादा, फोटो काढा हं. रांगमा उभा ऱ्हायसन.